पहिला वाफा लेकरांच्या ताटाचा

कापूस वेचणीचा हंगाम ऐन भरात असला म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात भर दुपारी एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. गावातील कर्ती माणसे सकाळीच वावरात गेलेली असतात. ओट्यावर एखादी म्हातारी बसलेली असते आणि तिच्या भोवती दोन-तीन वर्षांची लेकरे खेळत असतात. सकाळी कोरा चहा आणि त्यात बुडविलेले बिस्किट एवढेच त्यांच्या पोटात गेलेले असते. दुपारी लेकरू रडू लागले की म्हातारी पदराची गाठ सोडून पाच रुपयांचे नाणे त्याच्या हातावर ठेवते. लेकरू शेजारच्या दुकानातून रंगीत पुडा घेऊन येते आणि तो फोडून गप्प बसते. संध्याकाळी आई थकून घरी येते, भात शिजवते, पातळ वरण करते. तोवर लेकरू झोपी गेलेले असते.

या कुटुंबाला आळशी किंवा निष्काळजी म्हणता येणार नाही. उलट, लेकरांचे भले व्हावे म्हणूनच आईबाप दिवसभर राबत असतात. घरात अन्न नाही असेही नाही, कारण शिधापत्रिकेवरील गहू-तांदूळ कोठीत असतो. तथापि घरच्या पाच एकर वावरात लेकराच्या ताटात पडेल असे काहीच पेरलेले नसते. एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत कपाशी किंवा सोयाबीन उभे असते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? बालकांच्या आहाराचा प्रश्न हा केवळ दवाखान्याचा किंवा अंगणवाडीचा प्रश्न आहे, असे समजण्याची चूक शेतीखात्याच्या माणसांकडून आणि शेतकऱ्यांकडून सारखीच होत आली आहे. वास्तविक तो प्रथम पेरणीचा प्रश्न आहे. मृगाच्या सरी पडल्यावर वावरात काय पडते, यावर पुढील बारा महिने लेकराच्या ताटात काय पडेल हे बऱ्याच अंशी ठरते.

पूर्वीचे वावर आणि पूर्वीचे ताट

वऱ्हाडची जमीन कापसासाठी प्रसिद्ध आहे आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ तशी आहे. परंतु जुन्या वऱ्हाडात कापूस एकटा नव्हता. कपाशीच्या बरोबरीने ज्वारी होती. कपाशीच्या काही तासांनंतर तुरीचे तास असत, कडेला अंबाडी असे, आणि मूग, उडीद, तीळ, जवस यांना कोठे ना कोठे जागा मिळे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानेही कपाशीच्या सहा तासांनंतर ज्वारीचा एक, तुरीचे दोन आणि पुन्हा ज्वारीचा एक तास अशा मिश्र पेरणीची शिफारस केली होती. कापूस विकला जाई आणि बाकीचे घरात येई. त्यामुळे ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची किंवा तिळाची चटणी आणि ताक असे ताट गरिबाच्या घरीही होत असे. सकाळी लेकरांना ज्वारीच्या कण्या मिळत, हंगामात हुरडा मिळे आणि तुरीच्या ओल्या शेंगा उकडून मिळत.

याच जिल्ह्यातील पुसद तालुक्यातील गहुली गावचे सुपुत्र वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत संकरित ज्वारीचा राज्यभर प्रसार झाला. धान्याची टंचाई असलेल्या त्या वर्षांत या पिकाने लाखो कुटुंबांना तारले. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्रात कृषि दिन म्हणून पाळला जातो. ज्या ज्वारीसाठी त्या पिढीने एवढे कष्ट घेतले, ती ज्वारी आज त्यांच्याच जिल्ह्यातील बहुतेक वावरांतून मागे हटली आहे, ही गोष्ट कृषि दिनाच्या दिवशी तरी आठवावयास हवी.

ज्वारी मागे हटण्यास कारणे होती व ती खोटी नाहीत. भाव मिळेना. पाखरे, रोही आणि रानडुकरे यांच्यापासून पिकाची राखण करणे कठीण झाले. कापणी-मळणीला माणसे मिळेनात. त्याच सुमारास सोयाबीन आले. ते शंभर दिवसांत निघते आणि त्याला रोख पैसा मिळतो. २००२ साली बी. टी. कपाशीला परवानगी मिळाल्यावर कपाशीचे क्षेत्र अधिकच सलग झाले. शेतकऱ्याने जे केले ते बाजार पाहून केले आणि त्यात त्याला दोष देता येणार नाही. मात्र या बदलात घराने काय गमावले, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

ज्वारीबरोबर कडबा गेला. कडब्यावाचून गाय-म्हैस पोसणे अवघड झाले, म्हणून गोठे रिकामे झाले. गोठा रिकामा झाल्यावर दूध विकत आणावे लागू लागले आणि ते चहापुरतेच येऊ लागले. लेकराचे दूध आणि ताक अशा रीतीने ज्वारीच्या पाठोपाठ घराबाहेर पडले. मजुरी करणाऱ्या कुटुंबांचे तर दुहेरी नुकसान झाले. ज्वारीच्या हंगामात मजुरीचा काही भाग धान्याच्या रूपाने घरी येत असे. कपाशीच्या वेचणीला रोख पैसे मिळतात, परंतु ते खाता येत नाहीत आणि ते हातात आल्यावर त्यांना वाटाही पुष्कळ फुटतात.

पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नव्हे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने ठेंगणी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आणि ३६.१ टक्के वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांच्या अंगात रक्त कमी होते. हे आकडे संपूर्ण राज्याचे आहेत आणि त्यात मुंबई-पुण्यासारखी सधन शहरेही मोडतात. कोलाम, गोंड, परधान, आंध आणि बंजारा समाजाची वस्ती असलेल्या या जिल्ह्याने ते आकडे दुसऱ्यांचे म्हणून बाजूस सारू नयेत.

शेतकऱ्याला ही गोष्ट पिकाच्या उदाहरणावरून सहज समजेल. कपाशीचे रोप सुरुवातीच्या दीड-दोन महिन्यांत तणाने दबले, तर पुढे कितीही खत टाकले तरी त्या झाडाचा वाढा भरून निघत नाही. बालकाचेही तसेच आहे. गर्भधारणेपासून दोन वर्षे पूर्ण होईपर्यंतचे सुमारे एक हजार दिवस हा वाढीचा नाजूक काळ असतो. त्या काळात हाड, मेंदू आणि रक्त यांची जी उभारणी व्हावयाची ती राहून गेली, तर पुढे ती पूर्णपणे भरून काढता येत नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर केवळ आईचे दूध पुरत नाही आणि त्या दुधाबरोबर वरचे मऊ अन्न द्यावेच लागते.

आता ताटाकडे पाहू. गहू आणि तांदूळ ही वाईट धान्ये नव्हेत. अडचण अशी की ताटात ती एकटी पडली आहेत. तृणधान्यातील प्रथिनांत जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीत जो कमी असतो तो तृणधान्यात असतो. म्हणून भाकर आणि वरण, किंवा तांदूळ आणि मूग, ही जोडी एकत्र खाल्ली असता एकमेकांची उणीव भरून काढते. जुन्या माणसांनी शास्त्र न शिकताही ही जोडी बसविली होती. पातळ पिवळ्या पाण्यात चार दाणे तरंगत असले तर ती जोडी बसत नाही. शिवाय पांढऱ्या सडलेल्या तांदळाच्या मानाने ज्वारीत लोह कितीतरी पट अधिक असते. त्यावर लिंबू पिळून खाल्ले तर ते लोह अंगी अधिक लागते आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी लागते. लहान मुलास चहा देण्याची रीत यासाठीच बंद केली पाहिजे.

या जिल्ह्यात सोयाबीनची पोती घरात येतात आणि तशीच बाजारात जातात. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. आपल्या देशात दुसऱ्या कोणत्याही सामान्य डाळवर्गीय धान्यात ती इतकी नसतात. ते खाण्याची रीत गावात नसल्याने हे प्रथिन गावाबाहेर जाते आणि तेलाचा डबा व खाऱ्या पुड्यांच्या रूपाने दुकानात परत येते. कच्चे सोयाबीन पचनास बाधक असते, म्हणून ते तसेच दळून खाऊ नये. ते स्वच्छ करून उकळत्या पाण्यात वीस ते पंचवीस मिनिटे ठेवावे, उन्हात खडखडीत वाळवावे आणि मग नऊ किलो गहू किंवा ज्वारीत एक किलो या प्रमाणात मिसळून दळावे. पोळीची किंवा भाकरीची चव त्यामुळे फारशी बदलत नाही. विक्रीच्या पोत्यांतून घरासाठी वर्षाला वीस किलो सोयाबीन बाजूला काढणे कोणत्याही शेतकऱ्यास जड जाऊ नये.

पंधरा गुंठ्यांचा हिशेब

येथे जो विचार मांडावयाचा आहे तो असा, की प्रत्येक शेतकरी कुटुंबाने खरिपाची पेरणी करताना पहिला वाफा घरच्या लेकरांच्या ताटासाठी राखावा आणि मग उरलेल्या वावरात जे परवडेल ते पेरावे. शेवटी उरलेल्या कोपऱ्यात घरासाठी चार तास टाकण्याची रीत उपयोगाची नाही, कारण शेवटी सहसा काही उरतच नाही.

पाच एकर म्हणजे २०० गुंठे जमीन असलेल्या कुटुंबाने १५ गुंठे राखावेत. हा वावराचा तेराव्या हिश्श्याएवढाच भाग आहे. त्यातील १० गुंठ्यांत ज्वारी आणि ५ गुंठ्यांत मूग किंवा उडीद पेरावा आणि कडेने तुरीचे दोन तास टाकावेत. मधूनमधून अंबाडीचे दाणे टाकण्यास विसरू नये. दहा गुंठ्यांस सुमारे एक किलो ज्वारीचे बियाणे आणि पाच गुंठ्यांस पाऊण किलो मुगाचे बियाणे पुरते. मध्यम जमिनीत आणि बऱ्या पावसात या दहा गुंठ्यांतून दीड ते दोन क्विंटल ज्वारी यावयास हरकत नाही. पाच माणसांच्या घरात रोज दीड किलो ज्वारी लागते असे धरले, तर दोन क्विंटल धान्य चार महिन्यांहून अधिक काळ पुरते. पाच गुंठ्यांतून पंचवीस-तीस किलो मूग निघाला आणि रोज दोनशे ग्रॅम वापरला, तर तो चार-पाच महिने पुरतो. त्यानंतर तूर घरात येते. मूग दोन महिन्यांत निघतो, म्हणून पोळ्याच्या सुमारास घरात नवी डाळ येऊ लागते. नेमक्या त्याच दिवसांत मागचे धान्य आणि मागचा पैसा, दोन्ही संपलेले असतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की तेवढ्या जागेत कपाशी पेरली तर अधिक पैसे मिळतील. कोरडवाहू कपाशीचे उत्पन्न एकरी चार-पाच क्विंटल धरले तर १० गुंठ्यांतून एक-सव्वा क्विंटल कापूस निघतो. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी यांचा खर्च वजा करावा लागतो. तरीही एखाद्या वर्षी कपाशीची रक्कम अधिक भरेल, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे होईल. परंतु कापसाचा पैसा घरात येण्यापूर्वीच त्याचे धनी ठरलेले असतात. त्यात पीककर्ज असते, दुकानाची उधारी असते, लग्नकार्य असते. त्या पैशातून लेकरासाठी मूग विकत आणला जाईल, अशी खात्री कोणताही बाप देऊ शकत नाही. कोठीतील मुगावर मात्र सावकाराची नजर जात नाही. ज्या वर्षी कापसाचा भाव पडतो त्या वर्षी हे पंधरा गुंठे घराला आधार देतात.

दुसरा आक्षेप जनावरांचा आहे आणि तो अधिक खरा आहे. शिवारात एकट्यानेच ज्वारी पेरली तर सगळी पाखरे आणि सगळी रानडुकरे त्याच वावरात उतरतात. म्हणून हे काम एकट्याने करण्याचे नाही. गावालगतच्या वावरांतील पाच-दहा शेतकऱ्यांनी आपापले वाफे एकमेकांस लागून येतील असे आखावेत, एकाच वेळी पेरावेत आणि राखणीच्या पाळ्या लावाव्यात. क्षेत्र सलग आणि कणसे एकाच वेळी भरणारी असली म्हणजे नुकसान वाटले जाते आणि राखण सोपी होते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने मे महिन्यातच अशा शेतकऱ्यांची बैठक घेऊन ही आखणी करून दिली, तर त्याचे निम्मे काम झाले असे समजावे.

एक धोक्याची सूचना

कपाशीच्या वावरातील भाजी-शेंगांविषयी एक सूचना स्पष्ट शब्दांत दिली पाहिजे. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे कोणी विसरलेले नाही. जे औषध धडधाकट माणसाला आडवे करते ते लहान मुलाच्या पोटात गेले तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून खाण्याचा वाफा कपाशीला लागून नसावा, निदान मध्ये चार-सहा तासांचे अंतर असावे, आणि वारा वाफ्याच्या दिशेने वाहत असताना कपाशीवर फवारणी करू नये. फवारलेल्या कपाशीतून तरोटा, घोळ किंवा अंबाडीचा पाला खुडून आणू नये. तुरीच्या ओल्या शेंगा डब्यावर लिहिलेला प्रतीक्षा-काळ संपल्याशिवाय मुलांना देऊ नयेत. औषधाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी पाणी किंवा धान्य ठेवण्यास वापरू नयेत. फवारणीच्या दिवशी मुलांना वावरात मुळीच नेऊ नये.

परसबाग

ज्यांच्याकडे जमीन नाही अशी पुष्कळ कुटुंबे प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या लेकरांसाठी घरामागची जागा हेच वावर होय. न्हाणीचे आणि भांडी घासण्याचे पाणी आज गल्लीत वाहते आणि डास वाढविते. तेच पाणी आळ्यात सोडले तर शेवग्याची दोन झाडे, पपईची दोन, लिंबाचे एक आणि मांडवावर दोडका, कारली व दुधी भोपळा एवढे सहज पोसले जाते. माठ आणि मेथी महिनाभरात खुडावयास येतात. शेवग्याच्या शेंगा सर्वजण खातात, पण पाला टाकून देतात. वास्तविक वजनास वजन धरले तर त्या पाल्यात दुधाच्या दुपटीहून अधिक चुना असतो. तिळात तर तो त्याहून कितीतरी अधिक असतो. मुलांना रोज एक लहान तिळाचा लाडू द्यावा, ही गोष्ट संक्रांतीपुरती ठेवू नये. मोठ्यांनी फोडणीत पाला टाकून तो मुलांच्या ताटात वाढला, तर चार दिवस नाके मुरडली जातात आणि पाचव्या दिवशी सवय होते. मुलाने नाकारलेली भाजी एकदा नाकारली म्हणून सोडून द्यावयाची नसते. ती थोडी थोडी पुन्हा वाढावी आणि घरातील मोठ्यांनी तीच त्याच्यासमोर बसून खावी.

झरी-जामणी, मारेगाव, केळापूर यांसारख्या तालुक्यांतील काही गावांत विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. अशा पाण्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे आखडतात. आहारात चुन्याची उणीव असली म्हणजे हा उपद्रव अधिक जाणवतो. अशा गावांत पिण्याच्या पाण्याचा स्रोत तपासून घेणे हे पहिले काम होय. दूध, तीळ आणि शेवगा यांचे तेथे दुप्पट महत्त्व आहे.

चार-दोन कोंबड्या पाळण्यास फारशी जागा लागत नाही. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिन मिळते. ज्या घरात अंडे चालते त्या घराने बाजारास जाणाऱ्या टोपलीतून लेकराचे अंडे आधी बाजूस काढावे. रानातील ठेवाही विसरू नये. पावसाळ्यातील कटुले, तरोट्याचा कोवळा पाला, शरदातील सीताफळ, हिवाळ्यातील बोरे आणि उन्हाळ्यातील टेंभुर्णी व चारोळी यांची ओळख कोलाम आणि गोंड घरांतील आज्यांना जितकी आहे तितकी कोणत्याही पुस्तकात नाही. ते ज्ञान नातवंडांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच दुकानातील पुडा पोहोचला आहे. त्या पुड्याचाही हिशेब करावा. दिवसाला पाच रुपयांचे दोन पुडे म्हटले तरी महिन्याला तीनशे आणि वर्षाला तीन हजार सहाशे रुपये होतात. एवढ्या पैशांत पंधरा गुंठ्यांचे बियाणे, भाजीचे बी आणि चार कोंबड्या येऊन वर काही उरते.

आईचा वेळ

वाफ्यात धान्य आले आणि परसात भाजी आली तरी ती लेकराच्या तोंडात घालण्यास कोणी तरी हवे. दोन वर्षांच्या मुलाचे पोट लहान असते. मोठ्या माणसासारखे दोन वेळा जेवून त्याचे भागत नाही, त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे लागते. निंदणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत ही गोष्ट एकट्या आईच्या हातून होणे शक्य नाही आणि तिला त्याबद्दल बोल लावणे अन्यायाचे आहे. पेरणीच्या दिवशी तिफणीवर सरता धरण्यापासून शेवटच्या वेचणीपर्यंत जी वावरात असते, तिच्या एकटीवर स्वयंपाक, पाणी आणि लेकराचे भरविणे टाकून घरातील पुरुषांनी मोकळे होऊ नये. लेकराला भरविणे हे बापाचेही काम आहे, आणि आजोबाचेही.

यासाठी सोपा उपाय असा. सकाळी वावरात जाण्यापूर्वी भाजलेली ज्वारी, भाजलेली मुगाची डाळ आणि थोडे तीळ यांचे पीठ करून ठेवलेले असावे. ते कोमट पाण्यात किंवा दुधात कालवून, गूळ घालून म्हातारीलाही देता येते. दोन वाट्या ज्वारी, एक वाटी डाळ आणि दोन चमचे तीळ हे प्रमाण घरोघरी जमण्याजोगे आहे. हे पीठ पंधरा दिवसांपुरतेच करावे आणि कोरड्या डब्यात ठेवावे. जेथे दहा-बारा बाया एकाच वावरात वेचणीला जातात, तेथे त्यांच्यापैकी एकीने पाळीपाळीने लेकरे सांभाळावीत आणि वावराच्या धन्याने तिची त्या दिवसाची मजुरी द्यावी. धन्यास हे महाग वाटेल, परंतु ज्या बाईचे चित्त धुऱ्यावर रडणाऱ्या लेकराकडे लागलेले असते तिच्या हातून वेचणी तरी पुरती कशी व्हावी?

अंगणवाडी आणि शाळा

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तीतून अंगणवाड्या उभ्या राहिल्या. शाळेतील आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभर सुरू झाली. शिजविलेले ताजे अन्न द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला आणि २०२१ पासून ही योजना पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते. तिच्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलास दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, तर सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी मिळावयास हवी. ही प्रमाणे पालकांना तोंडपाठ असावीत. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेत रोज दोन किलो डाळ आणि पाच किलो भाजी शिजली पाहिजे, एवढा हिशेब तर कोणासही करता येतो. महिन्यातून एकदा चार पालकांनी शाळेत जाऊन मुलांच्या पंगतीस बसावे. त्यामुळे शिजविणाऱ्या बाईस बळ येते आणि उणीव असल्यास ती वेळेवर कळते.

शाळेच्या आवारात भाजीचे वाफे करण्यासही या योजनेत स्थान आहे. कृषि कार्यकर्त्याने येथे बी-रोपे आणि मार्गदर्शन द्यावे. ज्या मुलाने स्वतः पालक पेरला तो मुलगा पालक खातो, हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. मात्र शाळेचे जेवण हे घरच्या जेवणाच्या जागी नसून त्याच्या जोडीला आहे. शाळेत जेवतो म्हणून घरी कमी वाढले, तर योजनेचा लाभ मुलास न होता कोठीस होतो.

खेळ आणि काम

आहाराइतकेच महत्त्व हालचालीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी निदान एक तास दम लागेल असा खेळ किंवा व्यायाम करावा. शेतकऱ्याची मुले घरकामात आणि शेतकामात राबतातच, त्यांना निराळा खेळ कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु काम आणि खेळ या दोन गोष्टी भिन्न आहेत. वाकून वेचणी करणाऱ्या किंवा डोक्यावर पाण्याची घागर वाहणाऱ्या मुलीचे ठराविक स्नायू तेवढे थकतात. धावणे, उडी मारणे, चपळाईने वळणे आणि सवंगड्यांबरोबर हसणे हे त्यात नसते. शाळा बुडवून वेचणीला गेलेल्या मुलाला व्यायाम घडला असे म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

दुसऱ्या बाजूस नवीनच संकट उभे आहे. ज्या गावात पाणी दिवसाआड येते त्या गावातही भ्रमणध्वनी चोवीस तास चालतो. रडणारे मूल गप्प करण्यास तो हाती दिला जातो आणि मूल तासन्‌तास एका जागी बसून राहते. पुडा आणि भ्रमणध्वनी ही जोडी एकत्र आली म्हणजे मूल जेवत नाही आणि खेळतही नाही. भूक लागण्यासाठी अंग हलावे लागते, ही साधी गोष्ट आहे.

खेळाला खर्च नाही. कबड्डीच्या मैदानास तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद जागा लागते, म्हणजे सुमारे सव्वा गुंठा. शेजारच्या अमरावतीतील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली झाली. त्याच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ज्या खेळाने वऱ्हाडची मुले बर्लिनपर्यंत पोहोचली, त्या खेळासाठी गावातील सव्वा गुंठा जागा मोकळी नसावी, ही गोष्ट कोणत्याही ग्रामपंचायतीस शोभणारी नाही. पुष्कळ गावांत शाळेचे मैदान सोयाबीन वाळविण्यास, गंजी रचण्यास किंवा गाड्या उभ्या करण्यास वापरले जाते. मळणीच्या दिवसांतही मुलांचा सायंकाळचा तास राखून ठेवावा. मुली अकरा-बारा वर्षांच्या झाल्या की त्यांचा खेळ बंद होतो, हाही रिवाज मोडला पाहिजे. उद्याची माता सशक्त हवी असेल तर आजच्या मुलीला लंगडी, खो-खो आणि धावणे यांची मुभा हवी, आणि ताटात भावाच्या बरोबरीचा वाटा हवा.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावात हिंडणाऱ्या कृषि कार्यकर्त्याची वही बियाणे, खते आणि किडी यांच्या नोंदींनी भरलेली असते. त्या वहीत एक पान वाढवावे. गावातील किती घरांनी खाण्याचा वाफा राखला, किती परसांत शेवगा आहे आणि किती घरांत या वर्षी ज्वारी व मूग कोठीत गेला, याची नोंद त्या पानावर असावी. अंगणवाडी सेविकेकडे मुलांच्या वजनाचे तक्ते असतात. दोघांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून ते पान आणि ते तक्ते शेजारी शेजारी ठेवावेत. ज्या घरातील मूल वजनात मागे आहे, त्याच घरी पहिले बी आणि पहिले रोप पोहोचवावे. पिकाच्या उत्पन्नाचा आकडा क्विंटलमध्ये मोजला जातो. लेकराच्या वाढीचा आकडा किलोत आणि सेंटिमीटरमध्ये असतो, पण शेतीच्या यशापयशाचा तो अधिक खरा पुरावा आहे.

कापूस या जिल्ह्याचे पीक आहे आणि राहील. कापूस सोडा असे कोणी सांगत नाही. दोनशे गुंठ्यांपैकी एकशे पंच्याऐंशी गुंठे बाजारासाठी पेरावेत, एवढेच म्हणणे आहे. येत्या मृगात तिफण जुंपल्यावर पहिली फेरी त्या पंधरा गुंठ्यांत मारावी आणि त्या वेळी घरातील लेकरालाही बरोबर न्यावे. मूठभर मूग त्याच्या हाताने सरत्यात सोडू द्यावा. पोळ्याच्या सुमारास शेंगा भरल्या म्हणजे त्या तोडावयास तेच आधी धावेल.